हाताची माया

मोजपट्टी हातात घ्यायची वेळ आली की काताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "मोजत बसायला मी काय कारकून आहे?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा आणि लेथवरच्या भांड्याच्या पोटावरून बोट फिरवून दाखवायचा. "कुठे थांबायचं ते हे बोट सांगतं मला." ऐकणारे माना डोलवायचे. खिडकीखालच्या टेबलाशी बसलेली त्याची बायको मात्र मान वर करायची नाही. त्या बोटाला जे काही सांगायचं असायचं ते तिने आदल्या आठवड्यातच मोजून, आखून, पुठ्ठ्यात कापून ठेवलेलं असायचं.

लाकूड कातून भांडी करणारे पुष्कळ असतात. ओंडका घ्यायचा, लेथवर चढवायचा, पोखरायचा, झालं भांडं. याची भांडी तशी नव्हती. बारा तुकडे कोनात कापून कडेला कड चिकटवली की एक कडं व्हायचं. अशी आठ-दहा कडी विटांच्या भिंतीसारखी सांधे चुकवून एकावर एक चढवली की एक ओबडधोबड पिंप उभं राहायचं. ते लेथवर फिरायला लागलं, त्याला पटाशी लागली, की आतून अक्रोडाचं गुळगुळीत भांडं निघायचं, अंगावर शिसवाची काळी नक्षी घेऊन. बघणारा एकजण तरी हमखास विचारायचा, की असं पट्ट्यापट्ट्यांचं झाड उगवतं तरी कुठे. कातारी गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "आमच्या हिच्या वहीत."

ते खरंच होतं. बारा तुकड्यांना मिळून काप होतात चोवीस. एकेका कापात पाव अंश जरी चुकला तरी शेवटी सहा अंशांची फट पडते, आणि ती बुजवायला जगातला कुठलाच गोंद पुरत नाही. म्हणून आधी सगळं भांडं कागदावर उभं करावं लागतं: कुठलं कडं किती रुंद, किती जाड, कुठे काळं, कुठे तांबूस. कागद, करवत आणि गोंद हा सगळा बायकोचा प्रांत. लेथ तेवढा त्याचा. घरामागे पूर्वी कुणीतरी गाडी ठेवायचं त्या खोलीत दोघांनी एक्केचाळीस वर्षं अशी काढली, ती उजेडाला पाठ न करता आणि तो तिच्याकडे पाठ करून.

ती शिंप्याची मुलगी. लहानपणी बापाच्या कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळलेली. लाकडात आली तरी बोली शिंप्याचीच राहिली. कापड कापताना शिवणीसाठी बोटभर जास्तीचं ठेवतात त्याला माया म्हणतात. तिने पहिल्याच आराखड्यात लिहिलं होतं, 'पात्याची माया ३, कागदाची माया १.' ते वाचून नवा नवरा खो-खो हसला होता.

"लाकडाला कसली गं माया?"

"पातं लाकूड खातं की नाही?"

"खातं."

"पॉलिश पेपर खातो?"

"थोडं खातो."

"मग जो जो खाणार आहे त्याच्या नावाने आधीच बाजूला काढून ठेवायचं," ती म्हणाली. "नाहीतर ऐन वेळी अंगरखा तोकडा होतो."

पुढे तो ते मित्रांना सांगायचा, आमच्या घरात पात्यालासुद्धा माया मिळते, मलाच मिळत नाही. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

भांडं लेथवरून उतरलं की शेवटचं एक काम तिचं असायचं. कॅलिपर घेऊन ती भिंत सगळीकडून मोजायची आणि सर्वांत पातळ जागेचं माप वहीत 'उरलं' या शब्दापुढे लिहायची. चार. वर्षानुवर्षं चार मिलिमीटर. एवढ्या मोठ्या भांड्याला एवढी पातळ भिंत त्या भागात दुसरं कुणी काढत नसे, आणि काताऱ्याची छाती पुढे असायची ती याच चार मिलिमीटरांमुळे.

मग त्याचा उजवा हात हलायला लागला.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी पुसता पुसता चष्मा हातातून निसटून पडला, तेव्हा त्याच्या ते प्रथम लक्षात आलं. अंगठा आपल्या मनाने थरथरत होता. त्याने हात खिशात घातला आणि त्यानंतर तो बराचसा खिशातच ठेवला. वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचायला लागला. शर्टाची वरची गुंडी लावणं सोडलं, म्हणे गळ्याशी उकडतं. डॉक्टरांचं नाव काढलं नाही. घरात कुणाला पत्ता लागला नाही याची त्याला पक्की खात्री होती. बायकोपासून आपण गोष्टी लपवू शकतो, अशी खात्री बऱ्याच शहाण्या नवऱ्यांना असते.

लेथवर मात्र लपवता येत नव्हतं. फिरत्या लाकडाला पटाशी शांतपणे टेकवावी लागते. हात जरा हलला की ती चावते आणि भिंतीला खड्डा पडतो. खड्डा पडला की तो यंत्र बंद करून म्हणायचा, "गाठ होती लाकडात."

"असेल," ती म्हणायची.

"हल्ली लाकूडच चांगलं येत नाही."

"नाही ना."

मग तो खड्डा घासून घासून आजूबाजूच्या भिंतीत मिसळवून टाकायचा. त्याच सुमारास त्याच्या चहाचा कपही अर्धाच यायला लागला. त्यावरूनही तो कुरकुरला. "म्हातारपणी चहालाही माया काढून ठेवतेस की काय?" ती म्हणाली, "अर्धा अर्धा दोनदा घ्या. गरम राहतो."

भांडी विकणाऱ्या दुकानवाल्या बाईंनी एकदा एक भांडं दोन्ही हातांनी तोलून म्हटलं, "काका, राग मानू नका, पण हल्ली जड येतात. पूर्वी कशी, उचलली की वाटायचं आत कुणी नाहीच." घरी येऊन, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्याने बायकोचं कॅलिपर उचललं आणि आणखी एका नव्या भांड्याची भिंत मोजली. नऊ.

त्या दिवशी मुलगीही आलेली होती. तिच्यासमोरच तो बायकोवर घसरला. तो नेहमी पुठ्ठ्याच्या फर्म्यावर काम करायचा. फर्मा भिंतीला बरोबर बसला की थांबायचं. म्हणजे फर्माच जाड आणि आकडेमोडच चुकलेली.

"चारच्या जागी नऊ? हातचा धरायला विसरतेस का तू आताशा?"

बायकोने वही मिटली. "चुकलं असेल हो," ती म्हणाली. "नजर गेलीय माझी."

"मग चष्मा कर ना. माझं नाव जातंय बाजारात."

"करते," ती म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात खरंच नवा चष्मा करून आली.

त्यानंतरचं भांडं तिने जुन्या मापाने दिलं. चारच्या भिंतीचं. ते लेथवर फुटलं. पटाशी चावली, आणि आठ दिवसांचं काम बारा दिशांना उडालं. एक तुकडा त्याच्या कानाला चाटून गेला. ती टेबलावरून उठून धावत आली, त्याच्या कानाचं रक्त पुसलं आणि त्याने तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "गोंद कच्चा राहिला माझा."

त्याने ते लगेच मान्य केलं. इतकं लगेच, की त्याचं त्यालाच नंतर विचित्र वाटलं. पुढचा फर्मा पुन्हा जाड आला तेव्हा त्याने का म्हणून विचारलं नाही. दुकानात मात्र तो सांगायला लागला, "चूक घरून होतेय. हिचं गणित सुटलंय आता." एकदा त्याने हे सांगितलं तेव्हा बायको पिशवी धरून त्याच्या मागेच उभी होती. तिने नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि दुकानवाल्या बाईंना म्हणाली, "वय झालं की व्हायचंच."

ती गेली ती चार दिवसांच्या तापाने. ताप छातीत उतरला आणि दवाखान्यात तिला बोलायलाही दम पुरेना. जायच्या आदल्या दुपारी तिने त्याला जवळ बोलावलं आणि ऑक्सिजनच्या नळीच्या बाजूने म्हणाली, "कडी झालीत सगळी. फर्मा सोडू नका." त्याला वाटलं, तापाची बडबड आहे.

ती कडी मुलीच्या भांड्याची होती. आईबापांनी जन्मभर भांडी केली, शेकडो घरांत ती गेली, पण पोटच्या मुलीच्या घरात एकही नव्हतं. आधी तिला नको होतं, मग सगळी विकली जात होती, मग राहूनच गेलं. शेवटी तिने आईकडे हट्टाने मागितलं होतं. बायकोने नऊ कडी चिकटवून, घासून, एकावर एक चढवून पिंप तयार ठेवलं होतं. कातायचं तेवढं बाकी होतं.

दोन महिने लेथवर जुनी चादर होती. तो रोज त्या खोलीत जायचा, खुर्चीत बसायचा, खिडकीखालच्या टेबलाकडे बघायचा आणि जेवायला घरात यायचा. एके दिवशी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, ते भांडं राहू दे आता. नाही जमलं तरी चालेल."

नाही जमलं तरी. ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चादर काढली.

तीन दिवसांत त्याने आतून आणि बाहेरून फर्म्यापर्यंत काम आणलं. मध्ये दोनदा हात हलला, दोनदा थांबला, पण निभावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फर्मा भिंतीला अलगद बसला. ती असती तर तिने इथेच यंत्र बंद करायला लावलं असतं. त्याने भिंत अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून बघितली आणि मान हलवली. चांगली चौदा तरी भरली असती. ओट्यासारखी जाड.

"शेवटचंसुद्धा चुकलीस बघ," तो रिकाम्या टेबलाला म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट त्याला तिची दया आली, आणि दयेच्या भरात त्याने ठरवलं, की तिची चूक आपण निस्तरायची. मुलीच्या घरात जड भांडं जाता कामा नये. फर्मा त्याने बाजूला ठेवला. चारपर्यंत बोटाच्या अंदाजाने उतरायचं.

पहिल्याच फेरीला हात हलला. पटाशी चावली तो आवाज त्याला चांगला ठाऊक होता, कानाला लागलेल्या त्या तुकड्याच्या आधीचा आवाज. त्याने डोळे मिटून घेतले. काही उडालं नाही. यंत्र बंद केलं आणि भांडं थांबेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला. भिंतीवर दोन बोटं लांब, खोल असा खड्डा पडला होता. आता आरपार दिसणार म्हणून त्याने आत हात घातला, तर आतून भिंत जागेवर होती. गुळगुळीत, अखंड.

वाचलं कसं, ते त्याला कळेना. मूळ माप किती होतं ते बघायला त्याने तिची वही उघडली. त्या पहिल्या आराखड्यानंतर एक्केचाळीस वर्षांत त्याने ती कधी उघडली नव्हती. गरजच पडली नव्हती.

शेवटच्या पानावर भांड्याचा अर्धा उभा छेद होता, पेन्सिलीने, प्रत्येक कड्याला क्रमांक घातलेला. वर लिहिलं होतं, 'लेकीचं.' कडेला तिच्या टपोऱ्या अक्षरात:

भिंत ४.
पात्याची माया ३.
कागदाची माया १.
हाताची माया १०.
उरलं —

त्याने ती चौथी ओळ दोनदा वाचली. मग मागचं पान उलटलं. हाताची माया ९. त्याच्या मागे ८. त्याच्या मागे ६. त्याच्याही मागच्या पानावर ती ओळ नव्हती आणि 'उरलं'पुढे लिहिलं होतं, 'फुटलं. कान थोडक्यात वाचला.' त्याच्या मागे ५. चार आणि पाच नऊ. दुकानवाल्या बाईंनी जड म्हटल्यावर त्याने मोजलेले ते नऊ. तो मागे मागे जात राहिला. कितीतरी पानं ३, कितीतरी २, कितीतरी १. मग ती ओळ नाहीशी झाली आणि तिच्या आधीच्या सगळ्या वर्षांत फक्त पातं आणि कागद उरले.

जिथे पहिल्यांदा एक लिहिलं होतं त्या पानाची तारीख त्याने पाहिली. चष्मा पडला त्या सकाळच्या तीन आठवडे आधीची. त्याला स्वतःला कळायच्या आधी तिला कळलं होतं.

आणि त्या फुटलेल्याचं पान सोडलं तर प्रत्येक पानावर, तळाशी, उरलं: ४. उरलं: ५. उरलं: ४. त्याचा हात जेवढं खाणार तेवढं तिने दर वेळी मोजून आधीच बाजूला काढून ठेवलं होतं, आणि भांड्याच्या वाट्याचे चार कधी कमी होऊ दिले नव्हते. गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. त्याने गाठ म्हटलं तेव्हा तिनेही गाठ म्हटलं. गणित सुटलं म्हटलं तेव्हा तिने मान खाली घालून तेही आपल्या अंगावर घेतलं, मुलीसमोर, दुकानात, सगळीकडे.

टेबलाच्या खणात तिचे दोन्ही चष्मे होते. त्याने जुना डोळ्यांना लावून वहीतलं अक्षर पाहिलं, मग नवा लावून पाहिलं. काडीचा फरक नव्हता. नंबर तोच होता. नवी फक्त फ्रेम होती.

तो तिच्या खुर्चीत बसला आणि रडला. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता. ती गेली त्या दिवशीही तो इतका रडला नव्हता. तेव्हा तो नुसता एकटा पडला होता. आता त्याला तिची माफी मागायची होती, आणि ऐकायला त्या खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं, तरी तो मोठ्याने म्हणाला, "मला सांगायचं तरी." म्हणता म्हणताच त्याला कळलं, की सांगितलं असतं तर त्याने पटाशी त्याच दिवशी खाली ठेवली असती. तिलाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पटाशीला हात लावला नाही. खड्डा तसाच ठेवला. फक्त पॉलिश पेपर घेऊन सगळं भांडं हाताने घासलं, तेल लावलं आणि मुलीला बोलावलं.

ती रविवारी आली. भांडं टेबलावर होतं. तिने त्यावरून हात फिरवला, काळ्या नक्षीशी थांबली, मग बोट खड्ड्यात गेलं.

"इथे गाठ होती का, बाबा?"

"नाही."

"मग?"

"माझा हात हलला." त्याने खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. तो टेबलावर थरथरत राहिला. "चार वर्षं हलतोय. गाठ एकाही भांड्यात नव्हती. आणि तुझ्या आईचं गणित कधीच चुकलं नव्हतं. मी तुझ्यासमोर तिला बोललो होतो ना, ते खोटं होतं. उद्या दुकानातही जाऊन सांगणार आहे."

त्याने वही तिच्यापुढे सरकवली. ती पान पान मागे जात वाचत गेली, आणि मध्येच तिने तोंडावर हात धरला.

"मोज," तो शेवटी म्हणाला. "पातळ जागा मोज. तिचं शेवटचं काम राहिलंय."

मुलीने कॅलिपर लावलं. ते धरायची सवय नव्हती, म्हणून दोनदा निसटलं. "पाच," ती म्हणाली.

त्याने पेन्सिल घेतली आणि 'उरलं'पुढे पाच लिहिले. आकडा वाकडातिकडा आला, पण वाचता येत होता.

मग मुलीने आत जाऊन चहा केला. ट्रेमध्ये दोन कप होते, काठोकाठ भरलेले. तिने एक त्याच्यापुढे केला. त्याने हात पुढे केला, थांबवला आणि कपाकडे बघत राहिला.

"अर्धा कर," तो म्हणाला. "तुझी आई अर्धाच द्यायची."